गडचिरोलीतली ती ४७ गावं: तुलनेसाठी ठेवणं योग्य होतं का?

आकडेमोड: मी औषधचाचण्यांची आकडेवारी पाहते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार केले आणि ४७ गावं, हे उपचार न देता, तुलनेला ठेवली. हे चूक होतं, असं काल एकाने मला सुनावलं. मला मात्र तशी गावं ठेवणं बरोबर वाटतं. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती ४७ गावं नसती तर लोक म्हणाले असते, रस्ते झाले, मृत्यू तसेही घटलेच असते.

रानवाट: ताई, नाही पटत. शहरातल्या चाचणीत प्रत्येकाची संमती घेतात. अख्ख्या गावाची सही कोण करणार? शिवाय गावं चिठ्ठ्या टाकूनही निवडलेली नव्हती. जंतुसंसर्गावर जेंटामायसिन हे प्रतिजैविक चालतं हे माहीत होतं, मग पलीकडच्या बाळाला ते का नाही?

आकडेमोड: चिठ्ठ्यांचं मान्य, ती अभ्यासाची कमजोर बाजू आहेच. पण प्रश्न औषधाचा नव्हताच. गावातली थोडं शिकलेली बाई आजार ओळखून घरात सुई देऊ शकेल का, हे सिद्ध व्हायचं होतं.

आणि मोजणीला कमी लेखू नका. एकदा एका प्रकल्पाची वही माझ्याकडे तपासायला आली. नोंद होती 'मेलेलंच जन्मलं'. शेजारी बारीक अक्षरात, 'एकदा रडलं'. रडलं म्हणजे जिवंत जन्म! ते दोन शब्द सुटले असते तर ते बाळ मृत्यूदरातही आलं नसतं. त्या रात्री मी सगळ्या वह्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचल्या.

सुनंदा, परिचारिका: मधला मार्ग आहे की. आफ्रिकेतल्या गँबियात १९८६पासून काविळीची (हिपॅटायटिस-बी) लस टप्प्याटप्प्याने दिली. आधी काही भाग, मग पुढचे, चार वर्षांत सगळा देश. तुलना झाली आणि कायमचं वंचित कुणी राहिलं नाही.

रानवाट: हेच म्हणतोय मी. आशांमार्फत ही घरभेटीची पद्धत देशभर आली २०११ला. मधली १२ वर्षं कुणाच्या खात्यावर?

आकडेमोड: ती चाचणीच्या माथी मारू नका, पण तुमचा राग रास्त आहे. म्हणून आता प्रस्ताव आला की मी आधी एक ओळ शोधते: फायदा दिसला तर तुलनेच्या गावांना तो किती महिन्यांत मिळणार आणि खर्च कोण करणार. ती ओळ नसेल तर मी सही करत नाही.