चौकातले सिग्नल जोडायला फायबर टाकायचं की सिमकार्डवर भागेल?

विद्युत_कनिष्ठ
नमस्कार मंडळी. मी एका मध्यम शहराच्या महापालिकेत विद्युत विभागात कनिष्ठ अभियंता आहे, नोकरीला जेमतेम दीड वर्ष. आमचे ३८ चौकांतले सिग्नल आजवर आपापल्या घड्याळावर चालत आलेत. आता सगळे एका नियंत्रण कक्षाला जोडायचेत, शिवाय दर चौकात ४ कॅमेरे. सल्लागारांनी फायबरची रिंग काढून दिलीय. साहेब म्हणतात, "गेल्याच वर्षी डांबर टाकलंय, परत खणू कोण देणार? सिग्नलच्या प्रत्येक पेटीत ४जी राउटर टाका नि मोकळ्या व्हा." मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. शुक्रवारी टिपण द्यायचंय.

जुना_जॉइंटर
ताई, तुमचे साहेब अर्धे बरोबर आहेत. सिग्नलच्या कंट्रोलरला पाठवायचं असतं काय? कुठला दिवा लागलाय, डिटेक्टरवरून गाडी गेली का, पेटीचं दार कुणी उघडलं का. एवढ्याला सिमकार्ड रग्गड झालं. ब्रिटनमध्ये स्कूट प्रणाली, म्हणजे गर्दी बघून सिग्नलच्या वेळा बदलणारी, तयार झाली ती १९७० च्या दशकात. तेव्हा कसलं फायबर, टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरून दर सेकंदाला निरोप जायचे.

खादाड आहेत ते कॅमेरे. एकाला ४ एमबीपीएस धरा. दिवसाचे ४३ जीबी. चौकाचे १७२. हा आकडा साहेबांपुढे ठेवा आणि विचारा, कुठल्या रिचार्जमध्ये बसवायचं? सगळे १५२ कॅमेरे एकदम कक्षात आणायचे तर ६०० एमबीपीएसच्या वर जातं. म्हणजे १ गिगाची, म्हणजे १,००० एमबीपीएसची रिंग आजच निम्म्याहून जास्त भरली. मी असतो तर मुख्य रिंग १० गिगाची मागितली असती आणि लांबच्या सात-आठ चौकांना सिम देऊन रेकॉर्डिंग पेटीतच ठेवलं असतं, लागेल तेवढंच मागवायचं.

आता रिंगबद्दल. माझी ३१ वर्षं खड्ड्यात गेली, म्हणून सांगतो: नकाशावरचा गोल बघून फसू नका. रिंगचा फायदा एवढाच की एका बाजूला तुटली तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते. नीट बसवली असेल तर ५० मिलिसेकंदांच्या आत. पण दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या असतील तर जेसीबीचा एक दात दोन्ही घेऊन जातो. एकदा आमचं फायबर ऐन गणपतीत गेलं. ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटलं ते सांगणारं यंत्र) लावला, १,८४० मीटरवर तुटलेलं. जाऊन बघतो तर मंडपाचा बांबू! कंत्राटदाराने मीटरभर खोल सांगितलेली केबल वीतभर खाली पुरली होती. मंडळाच्या पोरांनी चहा पाजला, पण बांबू विसर्जनानंतरच हलला.

तेव्हा तुम्ही रिंग स्वतः पायी फिरा. सल्लागारासोबत नको, एकट्या.

शिट्टी_आणि_छत्री
वाहतूक शाखेत आहे. आम्हाला कॅमेरा दिसला नाही तर चालतं, सिग्नल बिघडला तर भर उन्हात उभं राहावं लागतं. लाइन गेली की कंट्रोलरने साठवलेल्या वेळापत्रकावर चालत राहिलं पाहिजे, आणि घड्याळ जीपीएसचं हवं. नाहीतर आठवड्यात दोन चौकांची घड्याळं फाकतात आणि इथला हिरवा सुटला की पुढचा तोंडावर लाल. हे निविदेत लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

अजून एक. आमच्याकडे चौकातल्या नेटवर्कच्या स्विचला (चौकातली उपकरणं नेटवर्कला जोडणारा डबा) वीज जवळच्या पथदिव्याच्या खांबावरून घेतली होती. पथदिव्यांचा फीडर संध्याकाळी सुरू होतो. दिवसभर नेटवर्क बंद, रात्री सगळं हिरवंगार! तीन आठवडे सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

जुना_जॉइंटर
हा हा, हे मी दोनदा पाहिलंय. आणि स्विच ऑफिसातला नको. मे महिन्यात त्या पत्र्याच्या पेटीत हात घालवत नाही. ७० अंश सोसणारा, पंखा नसलेला घ्या. त्याला सिग्नलच्याच बॅटरीवर टाका.

विद्युत_कनिष्ठ
काका, रविवारी सकाळी साडेसहाला निघाले, साडेदहा वाजले. रिंगच्या दोन्ही बाजू नदी ओलांडतात त्या एकाच जुन्या पुलावरून, पाण्याच्या पाइपाला बांधून. नकाशात त्या दोन वेगळ्या रंगांच्या रेषा आहेत. खालच्या पुलावरून न्यायचं तर २.६ किमी वाढतात, ते बजेटमध्ये बसत नाही.

जुना_जॉइंटर
खालचा पूल सोडा. नदीपलीकडच्या पाण्याच्या टाकीवरून अलीकडच्या टाकीवर रेडिओ लिंक (बिनतारी जोडणी) टाका, मध्ये काही आड येत नसेल तर. कॅमेरे सगळे नाही जाणार त्यावरून. सिग्नल आणि मोजके दोन-चार कॅमेरे जातील, पूल बंद पडला त्या दिवशी तेवढंच लागतं. टाकीवर चढायची परवानगी पाणीपुरवठ्याकडून आत्ताच मागा, तिला फायबरपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि पुलावरचे फोटो टिपणाला जोडा, रेषांच्या रंगांसकट.