उसाच्या ट्रॉलीला शिव्या देऊन झाल्या असतील तर आपल्या वेगाचं बोलू

बालाघाटकर:
गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या अंबाजोगाई-लातूर पट्ट्यात एकच वाक्य ऐकू येतं, "ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, दिसलीच नाही." नसेल. पण डिप्परचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर, आणि ताशी ८० नं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अंधारात पुढं काहीतरी आहे, ते चालत नाहीये, उभं आहे, हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या जाग्या माणसाचाही दीड सेकंद जातो. ३३ मीटर तिथंच संपले आणि वेग अजून ८०च! कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारला तरी आणखी ३५ मीटर लागतात. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस तर प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरते आणि ८० च्या वेगाला पुढचा १२० मीटर रस्ता दिसायला हवा म्हणते. मग ट्रॉलीच्या जागी म्हैस असती तरी काय फरक पडला असता? तिला कोण रिफ्लेक्टर लावणार? माझ्या मते रात्री डिप्परवर ६० च्या वर जाणारा नशिबावर गाडी चालवतोय.

स्टेअरिंग_उदगीर:
बेरीज बरोबर असंल साहेब, पण ६० नं चाललो की मागून ट्रॅव्हल्सवाला अप्पर मारायलाय, हॉर्न बडवायलाय. समोरचा डिप्पर देतच नाही. त्याचा पांढरा एलईडी डोळ्यात बसला की पुढचे काही सेकंद सगळं काळंकुट्ट. त्यात ट्रॉली पंक्चर होऊन अर्धी डांबरावर उभी, मागं चार धोंडे लावलेले. सकाळी ट्रॉली जाती, धोंडे तिथंच! तुमचे दीड सेकंद मी ट्रॉलीला लावू का धोंड्याला?

डबल_ट्रॉली:
सगळं आमच्याच डोक्यावर नको. लाल पट्टी आम्ही लावतो. पण मोळ्या रचल्या की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागं लोंबतात, ट्रॉलीचा मागचा फाळका झाकतो, फाळक्यावरचा दिवाही झाकतो. फडातून चिखलातनं ट्रॉली ओढताना वायर तुटते ती वेगळीच. मी रस्त्याला लागायच्या आधी कोयत्यानं वाढे छाटून घेतो. सगळे छाटत नाहीत, हे मान्य. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायची घाई असते.

बालाघाटकर:
घाई तुमची, डोळे दिपले आमचे, पण ब्रेकला कारण कळत नाही. डोळ्यासमोर काळं झालं तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघायला पाहिजे. आपल्याकडं तो तिथंच राहतो.

नांदेडी_रायडर:
सगळ्यांना एकच माप का? मोबाईलवरच्या चाचणीत माझा रिफ्लेक्स पाव सेकंद येतो. बाईकला एबीएस आहे, ब्रेक मारला तरी चाक लॉक होत नाही. ६० ची मर्यादा काकांना ठेवा.

फिजिओ_परभणी:
रायडर भाऊ, त्या चाचणीत दिवा लागणार हे तुम्हाला ठाऊक असतं, बोट आधीच पडद्यावर असतं. रस्त्यावर काय येणार, कुठून येणार, काहीच ठाऊक नसतं. आणि एबीएस तुम्ही ब्रेक दाबल्यावर कामाला लागतं, त्याआधी नाही.
पण बालाघाटकर, तुमचा दीड सेकंद जाग्या माणसाचा आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे तपासून झालेलं आहे. आपल्या कायद्यात दारूची मर्यादा ०.०३ टक्के. त्या माणसानं नळीत फुंकलं तर मशीन शून्य दाखवेल आणि पोलीसही जाऊ देतील! वर सर्दीची गोळी घेतली असेल तर बघायलाच नको. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू होता, दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा. किती मालकांनी वाचला होता?

स्टेअरिंग_उदगीर:
ताई, आता मुद्द्यावर आलात. कागदावर दोन ड्रायव्हर असत्यात, केबिनमधी एक.

बालाघाटकर:
झोपेचं मान्य, पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, ना ट्रॉली ना धोंडे. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसं गेली. तिथं कारला १२० ची मुभा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. डुलकी लागू द्या नाहीतर मोबाईलकडं नजर जाऊ द्या, दोन सेकंदांत ६६ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

डबल_ट्रॉली:
वैजापूरचा ट्रक तपासणीला थांबवला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. १२० च्या रस्त्यावर रात्री ट्रक थांबवायचा आणि दोष वेगाला द्यायचा?

नांदेडी_रायडर:
+१

बालाघाटकर:
दोष दोघांना द्या की. थांबवणाऱ्याला शिक्षा करा, माझी ना नाही. पण ती होते धडकेनंतर.

स्टेअरिंग_उदगीर:
बरं, तुमचं ६० मी उद्यापासून धरतो. पहाटे मालकाचा फोन येईल, "गाडी कुठं मेली?" म्हणून. तो उचलायला तुम्ही या.