फ्लॅश शोधू नका, कोडेक टाका

तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंट या संगणकप्रणालीवर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालत नाही आणि कुणीतरी फ्लॅश प्लगइन (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारी जुनी जोडणी) टाकायला सांगितलं. कृपया ते करू नका. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० लाच बंद केलं, आणि फायरफॉक्सनेही ८५ व्या आवृत्तीपासून त्याचा आधार काढून टाकला. आता 'फ्लॅश डाउनलोड' म्हणून जे मिळतं, त्यात व्हायरस असण्याचीच भीती जास्त.

मागच्या महिन्यात नाशिकला सिडकोत मावशीकडे हेच झालं. काळारामाच्या रथोत्सवाचा व्हिडिओ उघडला की नुसती काळी चौकट. अडचण प्लगइनची नव्हती; कोडेक, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ उलगडून चालवणारे छोटे प्रोग्राम, तिथे नव्हते. मिंट बसवताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीवर टिक करायची राहिली होती.

मेन्यूत 'साउंड अँड व्हिडिओ'मध्ये 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' आहे. ते दाबा, पासवर्ड द्या, डाउनलोड पूर्ण होऊ द्या. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नुसतं पान रिफ्रेश करून भागत नाही. मावशीकडे आम्ही इथेच अर्धा तास घालवला.

सिनेमाच्या सशुल्क साइट्सच अडत असतील तर मात्र गोष्ट वेगळी: फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' भागात डीआरएम (कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेली) सामग्री चालवण्याची परवानगी द्यावी लागते.

तरीही नाही चाललं तर मिंटची आवृत्ती लिहा, मी बघतो.