सापाच्या लसीमागचे घोडे आणि उंदीर: तुम्हाला चालतं का?

माळरान:
कॉस्मेटिक्ससाठी प्राण्यांवर चाचण्या आपल्याकडे २०१४ पासून बंद आहेत, त्यावर फार कोणाचं दुमत नसावं. औषधांचं काय, हा प्रश्न आहे. उगाच हवेत नको म्हणून एकच उदाहरण घेऊ, सापाचं इंजेक्शन, म्हणजे साप चावल्यावर देतात ती विष उतरवणारी लस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचत डोस वाढवत नेतात, त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या की मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त काढतात आणि त्यातून लस. १८९० च्या दशकात काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुरू केलं, बेसिक पद्धत अजून तीच.
मग प्रत्येक बॅच तपासायला उंदीर. विष आणि लस मिसळून ३७ अंशाला अर्धा तास ठेवायचं, शेपटीच्या शिरेत सोडायचं, २४ तासांनी मेले किती जगले किती मोजायचं. १ मिली लस नागाचं ०.६ मिग्रॅ विष मारते हा जो आकडा आहे ना, तो या मोजणीतून येतो. घोड्याचं मी एकवेळ समजू शकतो, पण उंदीर मरायची वाट बघत बसणं आजच्या काळात पटत नाही. बोला.

पीएचसीतला_डॉक्टर:
बोलतो. भातकापणीच्या दिवसात माझ्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात या म्हणजे पटेल. घोणस चावलेला पेशंट आला की काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग ट्यूब तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. मग दहा बाटल्यांनी सुरुवात, पावडरमध्ये पाणी घालून हळूहळू फिरवायच्या, जोरात हलवलं की फेस होतो, आणि बाहेर नातेवाईक दार वाजवतायत. अशा वेळी ती बाटली काम करणार की नाही हा विचार मला करायचा नाहीये, तो माझ्याआधी कोणीतरी केलेला हवा. देशात वर्षाला साधारण ५८ हजार माणसं सर्पदंशाने जातात, बहुतेक शेतावरची. उंदरांबद्दल वाईट वाटतं, खोटं नाही बोलत. पण वाटणं वेगळं.

मुकं_जनावर:
डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण हे "या म्हणजे पटेल" कायमचंच झालंय, असं बोललं की समोरचा गप्पच बसतो. घोड्याला विषासोबत जे अ‍ॅडजुवंट टोचतात (अँटीबॉडी जास्त तयार व्हाव्यात म्हणून घालायचं मिश्रण) त्याने गाठी येतात, फुटतात, ते बघायला कोण जातं हो? आणि प्राण्यावर चाललं म्हणजे माणसावर चालतं हा भरवसा तरी कुठून आला? २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाचं औषध माकडांना सोसलं होतं, त्याच्या पाचशेपट कमी डोस सहा तरुणांना दिला आणि सहाच्या सहा आयसीयूत. वर आपले महाडचे डॉ. बावस्करच बघा, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून शोधलं, कुठला उंदीर मारला?

पीएचसीतला_डॉक्टर:
बावस्कर सरांचं नाव निघालं म्हणून सांगतो, प्राझोसिन हे आधीपासून बीपीचं औषध होतं, म्हणजे प्राण्यांवरून होऊनच ते बाजारात आलेलं. आणि २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचाच पेपर आहे, नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन अधिक विंचवाची लस दिलेले पेशंट लवकर सुधारले. ती लस कुठून येते? घोड्यातूनच.
टीजीएनचं मान्य. पण त्यातून "माकडावरही नको, थेट माणसावर" असं निघतं का?

बोलघेवडा:
एवढंच आहे तर शास्त्रज्ञांनी स्वतःवर करावेत ना प्रयोग!! 😄

परळकर:
@बोलघेवडा केलेत की. हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेतली. त्याआधी सशांना दिली होती हे लोक विसरतात. आणि त्यानंतर कोणाला? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. "स्वखुशीने" म्हणे, तेही साहेबाच्या राज्यात. प्राणी मधून काढले तर पहिला नंबर कोणाचा लागतो ते यावरून बघा, मलबार हिलवाल्यांचा तर नाही लागणार. माझा पाठिंबा उंदीर मारण्याला नाही, पण या भीतीला आहे.

मुकं_जनावर:
कैद्यांवर अन्याय झाला म्हणून उंदरांवर चालू ठेवा हा कुठला न्याय? दोन्ही चूक असू शकतं की.

पिपेटवाली:
मी याच फील्डमध्ये आहे, कंपनी विचारू नका. दोन्हीकडून अर्धंच येतंय. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमात दुरुस्ती झाली, पेशींवरचे प्रयोग, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर वाढवलेल्या पेशींचा छोटा अवयव), कॉम्प्युटर मॉडेल हे आता ग्राह्य आहे. म्हणजे कायदा आडवा येतो ही सबब संपली. लसीच्या बॅचसाठीही काचेतल्या टेस्ट आहेत, अँटीबॉडी विषाला किती चिकटते, रक्त गोठण्यावर काय परिणाम. घोणस-फुरशाला त्या बऱ्या चालतात कारण त्यांचं विष रक्तावर जातं. मण्यारीचं विष नसांवर जातं, श्वास बंद पडतो, ते ट्यूबमध्ये कसं दाखवणार? म्हणून सरसकट "बंद करा" म्हटलं की आम्ही लोक हसतो, आणि सरसकट "पर्याय नाही" म्हटलं की त्याहून जास्त हसायला पाहिजे, पण तेव्हा मात्र कोणी हसत नाही. पूर्ण सुटका व्हायच्या आधी निम्मे उंदीर वाचू शकतात. आधी ट्यूबमध्ये गाळा, नापास बॅच उंदरापर्यंत जाऊच देऊ नका. आणि जे लागतील त्यांना वेदनाशामक द्या, डब्ल्यूएचओच्या गाइडलाइनमध्येही ते आहे.

माळरान:
@पिपेटवाली आणि घोडे? बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये कृत्रिम अँटीबॉडी बनवली ना, घोड्याशिवाय?

पिपेटवाली:
हो, परदेशी लॅबबरोबर. नाग-मण्यारीच्या एका प्रकारच्या टॉक्सिनवर (विषातल्या घटकावर) चालते, घोणशीवर नाही. आणि चालते हे कशावर सिद्ध केलं? उंदरांवर 🙂 घोडा सुटला, उंदीर तिथेच.

तळकोकण:
तुमचा घोडे वाचवायचा चाललाय, आमच्याकडे चापडा साप चावला तर त्याची लसच नाही. विष आजवर बहुतेक चेन्नईजवळच्या, साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतून येतं, तिकडच्या सापांचं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं हे आता शास्त्रज्ञच सांगतायत. म्हणजे आमच्यासाठी नवीन लस करायची तर नवीन विष, नवीन घोडे, नवीन उंदीर. आम्ही मागायची की नाही?

मुकं_जनावर:
मागा. पण घोड्याची जुनीच लस का मागता, नवीन पद्धतीची मागा. जोपर्यंत घोडा स्वस्त आहे तोपर्यंत दुसऱ्या कशावर कोणी पैसा घालणार नाही.

तळकोकण:
ती यायला दहा वर्षं लागली तर? कापणी दरवर्षी असते.

बोलघेवडा:
सगळे चिकन खाता की नाही ते आधी सांगा.

माळरान:
@बोलघेवडा खातो. म्हणून प्रश्न विचारायचाच नाही का? तो विषय वेगळ्या धाग्यात काढा.
डॉक्टर, सरळ विचारतो. पिपेटवाली म्हणतात तशी फक्त ट्यूबमध्ये पास झालेली, उंदरावर न तपासलेली घोणशीची बॅच आली तर वापराल?

पीएचसीतला_डॉक्टर:
आज नाही. आधी दोन-चार वर्षं दोन्ही टेस्ट शेजारी शेजारी करा, आकडे जुळतायत का ते आम्हाला दाखवा, मग वापरेन. आणि घोड्यांच्या पागेत तपासणीला कोणी गेलं तर तो रिपोर्टही दाखवा, त्याला माझी ना नाही.

मुकं_जनावर:
दोन-चार वर्षं म्हणजे आधी जास्तच उंदीर. बरं. पण निदान तारीख तरी ठरवा.