पासपोर्टवरचा एफ-१चा (स्टुडंट व्हिसाचा) स्टॅम्प संपलाय आणि मॉन्ट्रियलला कॉन्फरन्स आहे, जाऊन परत येता येईल का?

तिसरंवर्ष_पीएचडी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. मी अमेरिकेत पीएचडी करतोय, तिसरं वर्ष. आधी मास्टर्स दुसऱ्या युनिव्हर्सिटीत केलं, तेव्हाचा ५ वर्षांचा एफ-१ स्टॅम्प दोन महिन्यांपूर्वी संपला. आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो ॲडमिशनचा फॉर्म) मात्र नवीन युनिव्हर्सिटीचा आहे आणि अजून दोन वर्षं चालेल. आता पेपर ॲक्सेप्ट झालाय, पोस्टर नाही तर टॉक मिळालाय, कॉन्फरन्स मॉन्ट्रियलला ५ दिवस. सर म्हणतात बिनधास्त जाऊन ये. लॅबमधला एक जण म्हणतो जातोच आहेस तर तिथल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये नवीन स्टॅम्पही करून घे, दुसरा म्हणतो स्टॅम्प नसेल तर परत घेणारच नाहीत, पाऊलही बाहेर टाकू नको. दोघांचं ऐकून दोन रात्री झोप नाही. पहिलाच टॉक आहे हो. कुणी असं जाऊन आलंय का?

थंडीतला_पोस्टडॉक:
मी आलोय जाऊन, पीएचडीच्या पाचव्या वर्षी, अगदी याच परिस्थितीत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. स्टॅम्प म्हणजे फक्त आत यायची परवानगी, तू इथे कायदेशीर राहतोयस की नाही ते आय-२० आणि आय-९४ (तुझ्या प्रवेशाची सरकारी नोंद) यावर ठरतं. तुझ्या आय-९४ वर तारखेच्या जागी डी/एस (ड्युरेशन ऑफ स्टेटस, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर) लिहिलेलं असेल, त्यामुळे स्टॅम्प संपला म्हणून तुझं इथलं काही बिघडलेलं नाही.

आता परत यायचं कसं, तर त्यासाठी ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन नावाचा नियम आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून परत येत असशील, मध्ये तिसऱ्या कुठल्या देशात गेला नसशील, तर संपलेल्या स्टॅम्पवरच आत घेतात. स्टॅम्पवर जुन्या युनिव्हर्सिटीचं नाव आहे याचं टेन्शन घेऊ नको. पासपोर्ट चालू हवा, आणि मध्ये रिन्यू केला असशील तर जुना पण बरोबर घे, कारण तो संपलेला स्टॅम्प हातात असावा लागतो. आय-९४ ची प्रिंट निघायच्या आधीच सीबीपीच्या (अमेरिकेच्या कस्टम्स आणि बॉर्डर खात्याच्या) साइटवरून काढून ठेव. ज्या देशांना अमेरिकेने स्टेट स्पॉन्सर ऑफ टेररिझम (दहशतवादाला पाठबळ देणारा देश) ठरवलंय त्यांच्या नागरिकांना हे चालत नाही. आमच्या लॅबमधली इराणी मैत्रीण याच कारणाने येऊ शकली नव्हती, तिचा टॉक मी दिला, अजून वाईट वाटतं.

मला त्रास झाला तो एअरलाइनच्या काउंटरवर. तिथल्या मुलीने स्टॅम्पची तारीख बघितली, म्हणाली सर हा एक्सपायर्ड आहे, बोर्डिंग पास नाही देता येणार. मी स्टेट डिपार्टमेंटच्या (अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या) साइटवरच्या या नियमाच्या पानाची प्रिंट पुढे केली, तिने सुपरवायझरला बोलावलं, त्याने फोन लावला, आणि २० मिनिटं मी तिथे बॅग पायाशी धरून उभा. मग मिळाला पास. मॉन्ट्रियलला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या एअरपोर्टवरच होतं, विमानात बसायच्या आधी, तिथल्या ऑफिसरने आय-२० उलटून त्यावरची इंटरनॅशनल ऑफिसची ट्रॅव्हल सही बघितली, कॉन्फरन्स कसली विचारलं आणि दोन मिनिटांत सोडलं. म्हणून सांगतो, ती प्रिंट विसरू नको आणि एअरपोर्टवर लवकर पोच.

जे१_ताई:
वरचं सगळं बरोबर, फक्त सहीचं मी जरा ओरडून सांगते कारण मी त्यात पोळले आहे. मी जे-१ (एक्स्चेंज व्हिसावरची) स्कॉलर, माझ्या डीएस-२०१९ वरची (आमचा आय-२० सारखा फॉर्म) ट्रॅव्हल सही एक वर्ष उलटून गेलेली आणि मी न बघताच निघाले. परत येताना ऑफिसरने मला आतल्या खोलीत बसवलं, दीड तास, फोन वापरायचा नाही, समोर एक आई लहान बाळाला घेऊन बसलेली. शेवटी आय-५१५ए नावाचा कागद दिला, म्हणजे ३० दिवसांपुरतं आत घेतलं आणि तेवढ्यात सही असलेला फॉर्म पाठवायचा. झालं सगळं नीट, पण ते ३० दिवस माझे मला माहीत. आय-२० च्या दुसऱ्या पानावर सही असते, साधारण एक वर्ष चालते, ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) असशील तर सहाच महिने. आजच इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक. आणि बायको एफ-२ वर (एफ-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल नि बरोबर येणार असेल तर तिच्या वेगळ्या आय-२० वर पण सही घे भाऊ.

कागदंवाला:
कॅनडाचा व्हिसा कुणीच बोललं नाही! भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतोच. फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्स आधी दिले नसतील तर आणखी ८५, आणि ते इथल्याच यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) सेंटरवर देता येतात. नंतर स्टिकरसाठी पासपोर्ट पाठवावा लागतो, त्यामुळे टॉकच्या तीन आठवडे आधी जाग आली तर काही होणार नाही. आत्ताच अर्ज कर.

आणि तिथे स्टॅम्प करून घे म्हणणाऱ्या मित्राचं कृपया ऐकू नकोस. कॅनडात नवीन अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलास की ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन संपलं, मग तो व्हिसा मिळेपर्यंत तिथेच अडकलास, आणि नाकारला तर थेट घरचं विमान. लॅब, प्रयोग, भाड्याचं घर सगळं इकडे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून स्टेट डिपार्टमेंटने सांगितलंय की व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशात करा. ड्रॉपबॉक्स (इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा) पण जवळजवळ बंद, बहुतेकांना इंटरव्ह्यू द्यावाच लागतो. एफ आणि जे वाल्यांना सोशल मीडियाची अकाउंट्स पब्लिक ठेवायला सांगतात ते वेगळंच. विषय टेक्निकल असेल तर २२१(जी) मध्ये (जास्तीच्या तपासणीसाठी अर्ज अडकवून ठेवतात) आठवडेच्या आठवडे जातात. स्टॅम्पचं काम घरी जाशील तेव्हा, हातात भरपूर सुट्टी ठेवून कर.

मेमध्ये_ग्रॅज्युएट:
मध्येच विचारते सॉरी, माझा ओपीटीचा अर्ज पेंडिंग आहे, मला पण असं जाता येईल का?

कागदंवाला:
अर्ज पेंडिंग असताना गेलं म्हणून तो रद्द होत नाही, पण आय-७६५ ची (ओपीटीच्या अर्जाची) पावती आणि सही केलेला आय-२० लागेल. ओपीटीचं कार्ड आलं की मग कार्ड आणि नोकरीचं पत्र दोन्ही बरोबर हवं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) साठी चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज पेंडिंग असेल तर मात्र अजिबात बाहेर जाऊ नका, तो अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमच्या डीएसओला (युनिव्हर्सिटीत आय-२० बघणारा अधिकारी) विचारूनच तिकीट काढा.

तिसरंवर्ष_पीएचडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताईंचे. आत्ता आय-२० काढून बघितला, सहीला वर्ष उलटून गेलेलं निघालं म्हणजे ती पण संपलेलीच!! लगेच डीएसओला मेल केला, परवा अपॉइंटमेंट मिळाली. कॅनडाचा फॉर्म आज रात्री भरायला बसतोय, त्यात कॉन्फरन्सचं इन्व्हिटेशन लेटर लागतं का कुणाला माहितीये?

थंडीतला_पोस्टडॉक:
मी जोडलं होतं, जोडच. ऑर्गनायझरला मेल केला की पाठवतात, त्यात टॉकचं नाव आणि तारखा यायला हव्यात. आणि टॉक झाला की इथे येऊन सांग कसा गेला.