रीसेट आधी नको, तारीख बघा

वायफाय पूर्ण रेंज दाखवतंय आणि तरी प्ले स्टोअर ‘कनेक्शन नाही’ म्हणतंय, या तक्रारीवर वर दोघांनी थेट फॅक्टरी रीसेट (फोनमधलं सगळं पुसून नव्यासारखा करणं) सुचवलंय. जरा थांबा. रिकव्हरी मेनूतून (बंद फोन बटणं दाबून सुरू करताना येणारा दुरुस्तीचा मेनू) रीसेट केलंत तर सुरू होताना फोन जुन्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवत नसेल तर बसलात!

आईचा जुना फोन कपाटात पडून होता, बॅटरी पार उतरलेली. चार्ज केला तर हेच रडगाणं. तासभर राउटर बंद-चालू करत बसलो, आणि मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: २०१७! प्ले स्टोअर ज्याच्याशी जोडतं त्या सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राला (त्याचं ओळखपत्रच समजा) ठरावीक मुदत असते. फोनच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नसेल, तर तो जोडणी नाकारतो. ‘तारीख व वेळ आपोआप’ चालू केलं, काम झालं.

तारीख बरोबर असेल तर प्रायव्हेट डीएनएस बघा (साइटचा पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा ते ठरवणारी सेटिंग, अँड्रॉइड ९ पासून आहे). जाहिराती अडवायला तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव टाकून विसरलेले बरेच लोक सापडतात. मग प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसची कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करा. खातं काढून पुन्हा जोडणं अगदी शेवटी, तेही पासवर्ड हाताशी असेल तरच.

फोन अँड्रॉइड २.३ चा असेल तर मात्र खटाटोप सोडा. २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलने त्यावर लॉगिनच बंद केलंय.

तुमचं अँड्रॉइड कितवं आहे?