क्रूझ आत्ता बुक करावी की थांबावं?

वादळं, संप, बदलते मार्ग अशी अनिश्चितता असताना परिस्थिती निवळेपर्यंत क्रूझ बुक करायला थांबावं का, असं विचारलंय. माझ्या मते बुक करा, पण परत मिळणारं डिपॉझिट निवडूनच. परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा पर्याय जरा स्वस्त दिसतो आणि लोक तिथेच अडकतात.

सांभाळायची तारीख म्हणजे पूर्ण रक्कम भरण्याची. बऱ्याच कंपन्यांत ती प्रवासाच्या साधारण ९० दिवस आधी येते, लांबच्या सफरींना त्याहूनही आधी. तोवर रद्द केलं तर असं डिपॉझिट परत मिळतं. पुढे कपात टप्प्याटप्प्याने वाढत शेवटी १०० टक्क्यांवर जाते. या तारखेच्या आठवडाभर आधी भाडं पुन्हा बघा. उतरलं असेल तर तेव्हाच कमी करून मागा, पैसे भरल्यावर सहसा कोणी दाद देत नाही.

विमा डिपॉझिट भरताच घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर किंवा संप जाहीर झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या कारणासाठी पैसे देत नाही; तो आधीच माहीत असलेला धोका ठरतो. नुसत्या भीतीपोटी रद्द केलं तरी साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, तेवढं वाचाच.

बंदर वगळायचा हक्क करारात कंपनीकडेच असतो. हातात येतं ते बहुधा त्या बंदराचं शुल्क, बस्स. जहाजाकडून घेतलेल्या तिथल्या सहलीचे पैसे मिळतात. बाहेरून घेतलेलीच्या अटी आधी तपासा.

विमान एक दिवस आधीचं. आणि व्हिसा अनेकवार प्रवेशाचा काढा: मार्ग बदलून जहाज त्याच देशात दुसऱ्यांदा शिरलं, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे चालत नाही.